इंग्रजीत प्रश्न विचारताना: आधी उत्तराचं माप, मग वाक्य

मराठी माध्यमात शिकलेली बरीच माणसं इंग्रजीत उत्तर बऱ्यापैकी देतात आणि प्रश्न विचारायची वेळ आली की अडतात. यात नवल नाही. शाळाभर प्रश्न शिक्षकांनी विचारले, आपण उत्तरं दिली. राज्य मंडळाच्या पेपरात प्रश्न तयार करायला लावतात खरं: वाक्यातल्या अधोरेखित शब्दांचं उत्तर मिळेल असा 'डब्ल्यूएच' प्रश्न बनवा. पण तिथे उत्तर आधीच छापलेलं असतं. प्रत्यक्षात ते समोरच्याच्या पोटात असतं आणि बाहेर काढायचं काम आपल्या प्रश्नाला करावं लागतं.

म्हणून चूक बहुतेक वेळा व्याकरणाच्या आधीच झालेली असते. सगळी हकीकत हवी असते आणि प्रश्न मात्र 'येस'वर संपणारा विचारला जातो. किंवा फक्त वेळ हवी असते आणि समोरचा पाच मिनिटं बोलत राहतो. पुढचे टप्पे त्याच क्रमानं करा. मधला एखादा गाळून थेट 'भारी' प्रश्नांकडे गेलात, तर सांगाडा कच्चा राहतो.

उदाहरणांसाठी एक घर धरू. मालवणजवळ तारकर्लीला पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या ठेवणारं कुटुंब. पाहुणे बेंगळुरूचे, कोचीचे, कधी परदेशातले. मराठी त्यांना येत नाही आणि हिंदीवर सगळ्यांचंच भागत नाही. तुमचं काम दवाखान्यातलं, बँकेतलं किंवा कॉल सेंटरचं असेल तर नावं बदला, रीत तीच राहील. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, कारण हा बोलण्याचा सराव आहे. ती मनातल्या मनात नको, मोठ्यानं वाचा.

तयारी: यादी मराठीत करा

इंग्रजीचं पुस्तक बाजूला ठेवा. वहीच्या एका पानावर तुमच्या कामात खरोखर लागणारे पंधरा-वीस प्रश्न मराठीत लिहा. तारकर्लीच्या घराची यादी साधारण अशी होईल:

तुम्ही मासे खाता का? किती वाजता पोहोचाल? मुलांना तिखट चालतं का? कोणाला कशाची ॲलर्जी आहे का? नाश्त्याला घावन करू की पोहे? किल्ल्यावर जायचंय का? खोली कशी वाटली? काल रात्री गीझरचं नेमकं काय झालं?

यादी मराठीतच का, तर थेट इंग्रजीत लिहायला बसलं की जे वाक्य येतं तेच आपण लिहितो आणि जे विचारायचं होतं ते राहून जातं.

एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. 'तुम्ही मासे खाता का आणि उद्या किल्ल्यावर जाणार का?' याला 'येस' असं उत्तर आलं, तर ते मासळीला की किल्ल्याला? असे जोडप्रश्न मराठीत असतानाच तोडा, बोलण्याच्या ओघात ते तुटत नाहीत. आणि 'मग, काय म्हणता?' यासारखे मोघम प्रश्न यादीतून काढा. मराठीत ते गोड लागतात, पण त्यांचं इंग्रजी करायला गेलात की हातात काहीच उरत नाही.

टप्पा १: प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराचं माप लिहा

आता यादीतल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा.

ह: हो किंवा नाही एवढंच हवं.
नि: दोन-तीन पर्यायांतली निवड हवी.
तु: माहितीचा एक तुकडा हवा, म्हणजे नाव, आकडा, वेळ किंवा जागा.
गो: गोष्ट हवी, म्हणजे समोरच्यानं स्वतःच्या शब्दांत दोन-चार वाक्यं बोलावीत.

पहिले तीन बंदिस्त प्रश्न, शेवटचा मुक्त. 'हो-नाहीचा तो बंदिस्त आणि व्हॉट, व्हेअर, व्हेननं सुरू होतो तो मुक्त' असं बरेच जण पाठ करून बसतात. ते अर्धंच खरं आहे. 'व्हेन विल यू रीच?' याचं उत्तर 'सिक्स' एवढंच, म्हणजे प्रश्न बंदिस्त. 'हाउ मेनी पीपल?' हासुद्धा तसाच. उलट 'कॅन यू टेल मी व्हॉट हॅपन्ड?' हा बांधणीनं हो-नाहीचा, पण त्यावर नुसतं 'येस' म्हणून कोणी गप्प बसत नाही. 'टेल मी अबाउट युअर ट्रिप' याला तर प्रश्नचिन्हही लागत नाही आणि उत्तर मात्र लांबलचक येतं. प्रश्नाचं तोंड कोणत्या शब्दानं सुरू झालं यावर जाऊ नका, उत्तर केवढं येईल ते पाहा.

मुक्त प्रश्न चांगला आणि बंदिस्त वाईट, हाही गैरसमजच. कोळंबी किंवा तिसऱ्या रांधण्याआधी 'व्हॉट आर युअर फूड प्रेफरन्सेस?' असं ऐसपैस विचारून चालत नाही. तिथे 'आर यू ॲलर्जिक टू शेलफिश?' असाच प्रश्न हवा आणि उत्तर कानावर स्पष्ट पडायला हवं.

तपासून पाहा: प्रत्येक प्रश्नाला शक्य तितकं आखूड पण खरं उत्तर स्वतःच द्या. तेवढ्यावर तुमचं काम भागलं तर माप बरोबर. 'डिड यू स्लीप वेल?' याचं आखूड उत्तर 'येस'. पंखा रात्रभर कुरकुरत होता हे तुम्हाला कळायला हवं असेल, तर 'येस'वर भागणार नाही आणि खूण बदलावी लागेल.

टप्पा २: बंदिस्त प्रश्नाचा सांगाडा पक्का करा

मुक्त प्रश्नही याच सांगाड्यावर उभे राहतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. मराठीत वाक्य जसंच्या तसं ठेवून शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो. इंग्रजीत तसा शब्द नाही. तिथे मदतीचं क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी आणावं लागतं. कोणतं उचलायचं ते असं ठरवा.

वाक्यात नुसतं 'आहे' किंवा 'होता' असेल, तर इज, आर, वॉज यांपैकी जे असेल ते पुढे आणा. 'यू आर टायर्ड'चं 'आर यू टायर्ड?' होतं.

कॅन, विल, शुड किंवा 'हॅव बुक्ड'मधलं हॅव असं मदतनीस आधीच हजर असेल, तर तेच पुढे येतं. 'कॅन द चिल्ड्रन स्विम?', 'हॅव यू बुक्ड द बोट?'

यांपैकी काहीच नसेल, नुसती क्रिया असेल, तर डू, डझ किंवा डिड बाहेरून आणा. 'यू ईट फिश'चं 'डू यू ईट फिश?' होतं. डझ किंवा डिड आला की काळाचा आणि एकवचनाचा भार तोच उचलतो, मूळ क्रियापद साधं राहतं.

नेहमीच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती:

'आर यू ईट फिश?' चूक. खाणं ही क्रिया आहे, म्हणून 'डू यू ईट फिश?'
'डू यू बिझी?' चूक. बिझी ही क्रिया नाही, म्हणून 'आर यू बिझी?'
'डिड यू वेन्ट टू द फोर्ट?' चूक. 'डिड यू गो टू द फोर्ट?'
'डझ शी ईट्स एग्ज?' चूक. 'डझ शी ईट एग्ज?'
'आर यू हॅविंग अ चार्जर?' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. जवळ असण्याबद्दल विचारायचं तर 'डू यू हॅव अ चार्जर?'

'यू आर कमिंग टुडे?' हे वाक्य इंग्रज माणूसही बोलतो, पण तो येतो आहे हे आधी कळलेलं असतं आणि खात्री करायची किंवा आश्चर्य दाखवायचं असतं तेव्हा. नवी माहिती काढायला ते वापरू नका.

सावधान: वाक्याला 'नो?' चिकटवून प्रश्न करायची सवय महाराष्ट्रात आणि गोव्यात फार आहे. 'यू आर कमिंग, नो?' आपल्या 'ना?'चं हे रूप आपल्याआपल्यात चालून जातं, बाहेरचा पाहुणा मात्र गोंधळू शकतो. प्रत्येक वाक्यामागे 'इझन्ट इट?' लावणं हाही त्यावरचा इलाज नाही. परीक्षेत 'आरन्ट यू?' असा नेमका तुकडा लिहावा लागतो. बोलताना तो वेळेवर सुचला नाही तर 'राइट?' म्हणा. 'यू आर कमिंग टुडे, राइट?'

सुराचीही इथेच सवय लावा. हो-नाहीच्या प्रश्नात आवाज शेवटी वर चढतो. व्हॉट, व्हेअर, व्हेनच्या प्रश्नात तो साधारणपणे शेवटी खाली येतो. 'व्हॉट्स युअर नेम?' हा प्रश्न शेवटी आवाज चढवून विचारला, तर नाव नीट ऐकू न आल्यानं पुन्हा विचारताय असं समोरच्याला वाटू शकतं.

तपासून पाहा: यादीतले ह आणि नि खुणेचे सगळे प्रश्न आता इंग्रजीत म्हणा. प्रत्येक वेळी क्रियापदाचा एक तुकडा कर्त्याच्या आधी आला का, एवढंच बघा. नि खुणेच्या प्रश्नात सांगाडा तोच राहतो, शेवटी 'ऑर' येतो: 'वुड यू लाइक घावन ऑर पोहे?' पहिल्या पर्यायावर आवाज वर, शेवटच्यावर खाली.

टप्पा ३: सांगाड्याच्या डोक्यावर प्रश्नशब्द ठेवा

'व्हेअर यू आर गोइंग?', 'व्हेन यू विल कम?', 'व्हॉट यू वॉन्ट?' या तिन्ही चुकांचं मूळ एकच. प्रश्नशब्द आधी तोंडात येतो आणि मागून सरळ वाक्य जोडलं जातं. म्हणून सुरुवातीला प्रश्नशब्दापासून प्रश्न रचायचाच नाही. आधी हो-नाहीचा प्रश्न बनवा, मग त्याच्या डोक्यावर शब्द ठेवा.

'आर यू लीव्हिंग?' मग 'व्हेन आर यू लीव्हिंग?'
'डू यू वर्क?' मग 'व्हेअर डू यू वर्क?'
'डिड यू फाइंड अस?' मग 'हाउ डिड यू फाइंड अस?'

आठवडाभर हे दोन पायऱ्यांत मोठ्यानं म्हणा. संथ वाटेल, पण नंतर पहिली पायरी आपोआप गळून पडते.

याला एक अपवाद आहे. 'कोणी' किंवा 'काय' हाच वाक्याचा कर्ता असेल, तर डू-डिड लागत नाही. 'हू कॉल्ड?', 'व्हॉट हॅपन्ड?' हे बरोबर. 'व्हॉट डिड हॅपन?' असं सहसा कोणी म्हणत नाही.

'कोणाबरोबर', 'कशासाठी', 'कुठून' यांतले प्रत्यय आपल्याकडे प्रश्नशब्दालाच चिकटतात. बोलण्यातल्या इंग्रजीत तो शब्द प्रश्नाच्या टोकाला जाऊन बसतो: 'हू आर यू ट्रॅव्हलिंग विथ?', 'व्हॉट आर यू लुकिंग फॉर?', 'व्हेअर आर यू फ्रॉम?' टोकाचा शब्द गाळला की प्रश्न लंगडा होतो. 'व्हॉट आर यू लुकिंग?' हे त्याचं हमखास ऐकू येणारं उदाहरण.

मराठी प्रश्नशब्द जसाच्या तसा उचलला की फसगत होते अशा काही जागा आहेत. त्या वहीत वेगळ्या लिहून ठेवा.

'तो माणूस कसा आहे?' स्वभाव विचारायचा असेल तर 'व्हॉट इज ही लाइक?' 'हाउ इज ही?' म्हटलं की तब्येतीची चौकशी होते. आणि 'व्हॉट डझ ही लाइक?' म्हणजे त्याला काय आवडतं. तिन्ही एका दमात म्हणून पाहा.

'तुम्हाला कसं वाटतं, उद्या निघावं का?' इथे 'हाउ डू यू थिंक?' नाही, 'व्हॉट डू यू थिंक?'

'किती वेळ' म्हणजे हाउ लाँग, 'किती वेळा' म्हणजे हाउ मेनी टाइम्स किंवा हाउ ऑफन. मराठीत एका कान्याचा फरक, इंग्रजीत वेगळे शब्द.

'कितवी'ला सोपा प्रतिशब्द नाही, शोधत बसू नका. 'मुलगी कितवीत आहे?' याला 'विच क्लास इज शी इन?' पुरतं. 'ही तुमची कितवी खेप?' याला 'इज धिस युअर फर्स्ट टाइम हिअर?' असा हो-नाहीचा प्रश्न टाका. 'नो' आलं तर पाहुणा पुढचं स्वतःच सांगतो.

टप्पा ४: मुक्त प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा

बांधणीच्या दृष्टीनं इथे नवं काही नाही. व्हॉट आणि हाउ हे दोन शब्द आणि 'टेल मी अबाउट' एवढ्यावर बहुतेक काम होतं. अवघड भाग प्रश्न विचारून झाल्यावर सुरू होतो.

'व्हॉट डिड यू थिंक ऑफ द रूम?' असं विचारलं. समोरचा दोन क्षण विचार करतोय. तेवढी शांतता आपल्याला सोसत नाही आणि आपण घाईनं शेपूट जोडतो: 'व्हॉट डिड यू थिंक ऑफ द रूम? इट वॉज गुड?' झालं. पाहुणा सुटल्यासारखा 'येस, गुड' म्हणतो आणि विषय संपतो. इंग्रजी कच्चं असलेल्यांकडून ही चूक जास्त होते, कारण आपला प्रश्नच त्याला कळला नसावा अशी धास्ती असते. बहुतेक वेळा प्रश्न कळलेला असतो, माणूस उत्तर जुळवत असतो. मनात चारपर्यंत आकडे मोजा. तरीही उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न सावकाश पुन्हा विचारा, पण त्याचा हो-नाहीचा प्रश्न करू नका.

दुसरी चूक उलट्या टोकाची, म्हणजे प्रश्न फारच रुंद ठेवणं. 'हाउ वॉज युअर जर्नी?' हा कागदावर मुक्त प्रश्न आहे, उत्तर मात्र ठरलेलं: 'फाइन.' हवा कशी आहे, जेवण कसं होतं, सगळ्यांचं तेच. प्रश्न थोडा चिंचोळा केला की माणूस बोलतो. बेळगावकडून गाडीनं आलेल्या पाहुण्याला 'हाउ वॉज द रोड आफ्टर आंबोली?' विचारा. घाटातलं धुकं, वळणं, मुलाला झालेली उलटी, सगळं बाहेर येईल. 'हाउ वॉज द फूड?' ऐवजी 'व्हॉट डिड यू थिंक ऑफ द सोलकढी?' विचारा. मुक्त प्रश्नातही विषय नेमका ठेवता येतो, मोकळं ठेवायचं असतं ते उत्तर.

तिसरी गोष्ट 'व्हाय'ची. व्याकरणानं तो निर्दोष, पण कानाला जाब विचारल्यासारखा लागू शकतो. 'व्हाय डिड यू कॅन्सल?' मराठीत आपण 'का बरं?' म्हणून धार घालवतो, इंग्रजीत तो 'बरं' वेगळ्या वाटेनं आणावा लागतो: 'मे आय आस्क व्हाय यू कॅन्सल्ड?' किंवा 'वॉज देअर अ प्रॉब्लेम विथ द बुकिंग?' दुसरा प्रश्न बंदिस्त आहे, पण अडचण असेल तर माणूस ती सांगतोच. मुलाखतीला गेलात आणि 'एनी क्वेश्चन्स फॉर अस?' असं विचारलं गेलं, तर तिथेही 'व्हाय इज धिस पोस्ट व्हेकन्ट?' पेक्षा 'व्हॉट वुड यू एक्स्पेक्ट फ्रॉम मी इन द फर्स्ट थ्री मन्थ्स?' हा प्रश्न बरा.

सावधान: उत्तर आपणच भरवणारा प्रश्न मुक्तही नाही आणि धड बंदिस्तही नाही. 'यू लाइक्ड द फूड, राइट?' याला तोंडावर 'नो' म्हणणारा पाहुणा विरळा. कायद्यात याला सूचक प्रश्न म्हणतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १४१ मध्ये त्याची व्याख्या होती (१ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली). विरोधी पक्षानं हरकत घेतली तर आपल्याच साक्षीदाराला असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही, उलटतपासणीत मात्र चालतो. घरगुती पाहुणचारात कोणी हरकत घेत नाही, त्यामुळे खरं उत्तर कधीच मिळत नाही. अभिप्राय हवा असेल तर 'व्हॉट शुड वी चेंज?' असं सरळ विचारा.

टप्पा ५: प्रश्नांचा क्रम लावा

सुटे प्रश्न जमले तरी संभाषण फसतं ते क्रमामुळे. काय घडलंय ते आपल्याला माहीत नसेल, तेव्हा मुक्त प्रश्नानं सुरुवात करा, मग तुकड्यांचे प्रश्न, मग हो-नाहीचे, आणि शेवटी आपण काय समजलो ते म्हणून दाखवा. गीझरचं प्रकरण घ्या.

'व्हॉट हॅपन्ड लास्ट नाइट?'
'द वॉटर वेन्ट कोल्ड, अँड देन द बाथरूम लाइट वेन्ट ऑफ टू.'
'व्हॉट टाइम वॉज इट?'
'अराउंड नाइन.'
'वॉज द फॅन वर्किंग?'
'येस, इन द बेडरूम.'
'सो ओन्ली द बाथरूम हॅड नो पॉवर. इज दॅट राइट?'
'येस.'

वायरमनला फोन करताना आता नेमकं सांगता येईल. याउलट 'डिड यू स्विच ऑन द गीझर?' इथून सुरुवात केली असती, तर पाहुण्याला आपली अक्कल काढल्यासारखं वाटलं असतं आणि दिवा गेल्याचं कळलंही नसतं. आपल्या डोक्यात त्याचा प्रश्नच नव्हता, आणि जे आपल्या डोक्यात नाही ते बंदिस्त प्रश्नातून सहसा बाहेर येत नाही.

दवाखान्यात काम करणाऱ्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. 'व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर टुडे?' मग 'व्हेन डिड द पेन स्टार्ट?' आणि 'व्हेअर डझ इट हर्ट?', मग 'डझ इट स्प्रेड टू युअर आर्म?', 'आर यू ॲलर्जिक टू एनी मेडिसिन?' पेशंट धापा टाकत असेल तर मात्र पहिली पायरी सोडून थेट हो-नाहीवर या. त्याला मानेनंही उत्तर देता आलं पाहिजे.

क्रम उलटा करायची आणखी एक वेळ म्हणजे समोरच्याचंही इंग्रजी जेमतेम असतं तेव्हा, किंवा लाजरं मूल समोर असतं तेव्हा. 'टेल मी अबाउट युअर स्कूल' म्हटलं की मूल आईच्या मागे लपतं. 'डू यू लाइक स्विमिंग?', मग 'हू टॉट यू?', मग 'व्हॉट डिड यू सी इन द वॉटर?' असं लहानाकडून मोठ्याकडे जा.

सरावासाठी एक जोडीदार गाठा आणि त्याला एकच नियम घाला: विचारलं तेवढंच, सर्वांत आखूड खरं उत्तर द्यायचं. कालचा दिवस त्यानं कसा घालवला ते काढून घ्या. 'डिड यू गो आउट?' 'येस.' 'वॉज इट गुड?' 'येस.' दोन मिनिटांत तुमचेच प्रश्न तुम्हाला छळायला लागतील आणि आपसूक 'व्हॉट डिड यू डू आफ्टर लंच?' तोंडी येईल. जोडीदार मिळत नसेल, तर मोबाइलवर स्वतःचे प्रश्न रेकॉर्ड करून ऐका. शेपूट जोडायची सवय ऐकताना लगेच पकडली जाते.

टप्पा ६: अदब घाला, पण सांगाडा परत सरळ करा

अनोळखी माणसाला, साहेबांना किंवा फोनवर विचारताना आपण पुढे 'कुड यू टेल मी' किंवा 'डू यू नो' लावतो. लावायलाच हवं असं नाही, पण लावलंत तर मागचा प्रश्न पुन्हा सरळ वाक्य होतो. दुसऱ्या टप्प्यात पुढे आणलेलं क्रियापद इथे मागे जातं.

'व्हेअर इज द स्टेशन?' पण 'कुड यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?'
'व्हेन डझ द बस लीव्ह?' पण 'डू यू नो व्हेन द बस लीव्हज?' डझ गेला आणि त्याचा भार क्रियापदावर परत आला.
'इज द बोट रनिंग?' पण 'डू यू नो इफ द बोट इज रनिंग?' हो-नाहीच्या प्रश्नाला इथे इफ लागतो. (सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते, म्हणून हा प्रश्न जून ते ऑगस्टमध्ये तुम्हालाच बऱ्याचदा ऐकावा लागेल.)

'कुड यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' या चुकीनं अर्थ अडत नाही, त्यामुळे कोणी दुरुस्त करत नाही आणि ती जन्मभर टिकते. बाकीचे टप्पे पक्के होईपर्यंत हा मागे ठेवलात तरी चालेल. साधा प्रश्न आणि मागे 'प्लीज', एवढ्यावरही अदब राखली जाते.

टप्पा ७: नकारार्थी प्रश्न टाळा, समोरून आला तर सांभाळा

'तुम्ही जेवला नाहीत का?' याला मराठीत 'हो, नाही जेवलो' असं उत्तर चालतं, कारण आपण समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत प्रश्न कसाही असो, उत्तर वस्तुस्थितीला धरून येतं. जेवलो नसेन तर 'नो, आय हॅवन्ट.' नुसतं 'येस' म्हटलंत तर तुम्ही जेवलात असा अर्थ निघतो. म्हणून आपण विचारताना 'हॅव यू ईटन?' असा सरळ प्रश्न विचारावा आणि समोरून नकारार्थी आला तर नुसत्या येस-नोवर न थांबता अख्खं वाक्य म्हणावं.

'वुड यू माइंड वेटिंग?' हाही याच जातीचा. तुमची काही हरकत आहे का, असा प्रश्न आहे. थांबायची तयारी असेल तर उत्तर 'नॉट ॲट ऑल'. पाहुणा 'नो' म्हणाला तर रागावू नका, तो थांबायला तयार आहे.

टप्पा ८: उत्तर कळलं नाही तेव्हा

मुक्त प्रश्न विचारायला लोक घाबरतात त्याचं खरं कारण हेच. एवढं लांब उत्तर आलं आणि डोक्यावरून गेलं तर? म्हणून सुटकेची वाट आधीच तयार ठेवा.

'व्हॉट?' असं तुटक म्हणू नका. नुसतं 'सॉरी?' आवाज चढवून म्हटलं तरी समोरचा पुन्हा सांगतो, पण तो अख्खी गोष्ट तेवढ्याच वेगानं पुन्हा सांगतो. त्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं आपण म्हणा आणि जो तुकडा सुटला त्यावर प्रश्नशब्द ठेवा: 'यू वेन्ट टू देवबाग, अँड देन व्हेअर?' आता त्याला फक्त एक नाव सांगायचं आहे.

आकड्यांत तर निवडीचाच प्रश्न वापरा. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. 'सॉरी, फिफ्टीन ऑर फिफ्टी?' एवढ्यानं भागलं नाही, तर आकडे सुटे करून विचारा: 'वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?' जेवणाच्या ताटांचा आणि पैशांचा आकडा असा पडताळून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.